अव्वांच्या हौदावरचे डाग

मला खोली भाड्यानं देण्याआधी अव्वांनी माझी जीभ बघितली. मी नुकतीच बी.फार्म. झालेली, अणदूरच्या एका मेडिकल दुकानात नोकरीला लागलेली, दोन हातांत दोन बॅगा. आणि समोर लाकडी खुर्चीत बसलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेली, कापसासारख्या पांढऱ्या केसांची बाई मला म्हणते, "जीभ दाव." मी दाखवली. मग नखं दाखवली. मग डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. नोकरीच्या मुलाखतीत एवढं कुणी तपासलं नव्हतं.

"रगत कमी हाय," त्या म्हणाल्या. "पण खोटारडी न्हाईस. वरची खोली घे."

रक्त कमी असल्याचं पुढं तपासणीत खरंच निघालं. खोटारडेपणा जिभेवरून कसा कळतो, हे मात्र मी चार वर्षं विचारत राहिले आणि मी खोली सोडेपर्यंत त्यांनी सांगितलं नाही.

सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं, त्यांचा पन्नाशीला आलेला मुलगासुद्धा. माहेर सीमेपलीकडचं, म्हणून लाड करताना कानडी आणि रागावताना मराठी. नवरा लवकर गेला, त्यानंतर द्राक्षाची बाग त्यांनी स्वतः उभी केली होती. पुढं गुडघे गेले आणि बाग मुलाकडं आली. मुलाला मी दादा म्हणायचे. बाग त्याच्याकडं आली खरी, पण हुकूम खुर्चीतूनच सुटायचे. बागेत काही बिघडलं की दादा पान तोडून स्टीलच्या ताटात घालून त्यांच्यापुढं आणून ठेवायचा. अव्वा ते उलटं करायच्या, उजेडात धरायच्या, अंगठ्यानं घासायच्या आणि मग बोलायच्या, "भुरीचा रोग न्हाय ह्यो. धूळ हाय रस्त्याची. फवारा ठेव तिकडं."

त्यांची दोन वाक्यं होती आणि ती दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळायची. पहिलं, "आधी वळखा, मग औशीद." दुसरं, "आधी एका येलावर." म्हणजे कुठलंही नवं औषध आलं की सबंध बागेवर मारायचं नाही. एका वेलीला लाल रिबीन बांधायची, तिच्यावर मारायचं, आठ दिवस बघायचं. बागेपुरतं हे शहाणपणाचं होतं. पण अव्वांनी ते सगळ्या संसाराला लावलं होतं. घरात वॉशिंग मशिन आलं तेव्हा पहिला आठवडा त्यात एकच टॉवेल फिरत होता, रोज, एकटा. मी माझ्या पगारातून त्यांना साडी आणली, तर त्यांनी आधी पदराचा एक कोपरा भिजवून वाळत घातला आणि चार दिवसांनी म्हणाल्या, "चांगली हाय ग."

दादाच्या एका पुतणीला बघायला मुलगा आला तेव्हा तर कमालच झाली. चहा-पोहे झाल्यावर अव्वा त्याला म्हणाल्या, "चार दिस बागंत काम कर, मग बोलू." तो तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेला. दुसरा आला, तो टिकला. लग्नात अव्वांनी त्याच्या मनगटाला लाल रिबीन बांधली. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, असेल काही कानडी रीत. मी आणि दादा मांडवात तोंड लपवून हसत होतो.

मी मुळात चिडखोर. कुणी माझ्या कामात नाक खुपसलं की माझा पारा चढतो. अव्वा तर मी दुकानातून आणलेली प्रत्येक गोळी हातात घेऊन "ही कशाला?" विचारायच्या, आणि उत्तर पटलं नाही तर पाव गोळी घ्यायच्या. आमची भांडणं रोजची. तरी रात्री जेवताना त्यांच्या खुर्चीशेजारी बसल्याशिवाय मला घास जायचा नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

आता हौदाचं सांगते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघ्याचं ऑपरेशन अव्वांच्या हृदयाला झेपणार नाही. पाण्यात चालवा, तेवढाच उपाय. नदी नाही, विहीर सरळ खोल, शेततळं उन्हाळ्यात कोरडं. तेव्हा दादानं घरामागं हौद बांधला. पंचवीस फूट लांब, छातीएवढा खोल, आतून पांढरा गिलावा, उतरायला चार पायऱ्या, पाणी फिरवायला पंप आणि वाळूचा फिल्टर. त्याला स्विमिंग पूल म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो, आणि अव्वांना पोहायला हौद, हे गावात बोललं गेलंच. अव्वांना ते लागलं. त्यांनी सांगून टाकलं, "पावसाळ्यात बोअरला पाणी आसतं तवा एकदा भरा. वतून द्याचं न्हाय. उन्हानं आटंल तेवढीच भर घालायची." म्हणून ते पाणी वर्षानुवर्षं तेच राहणार होतं.

पहिल्या दिवशी त्या आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून आल्या. त्याआधी चार दिवस रोज तासभर तो खोलीचं दार लावून घालून बघितला होता, हे सांगायला नको. मी आणि चाँदबी मावशींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या. चाँदबी मावशी म्हणजे बागेत मजुरीला येणाऱ्या आणि पुढं हौदाची झाडलोट बघणाऱ्या. अव्वांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मैत्री बरोबरीची. पाणी कमरेच्या वर आलं आणि अव्वांनी आम्हा दोघींचे हात झटकले. दोन वर्षं वॉकरशिवाय पाऊल न टाकलेली बाई समोरच्या भिंतीपर्यंत एकटी चालत गेली. भिंतीला हात लावून वळली आणि म्हणाली, "पाण्यात गुडघा माझा हाय. भाईर दुसऱ्याचा."

नऊ-दहा महिने हे चाललं. पहाटेचा चहा झाला की अव्वा हौदात. हळूहळू त्या घरातल्या घरातही वॉकर सोडून काठीवर आल्या. मग उन्हाळा लागला, बागेची खरड छाटणी उरकली, पाणी आटायला लागलं आणि नव्या खोल बोअरचं पाणी भर म्हणून हौदात सोडायला सुरुवात झाली. त्यानंतर महिनाभरात हौदाची रया गेली.

आधी पाणी हिरवट झालं. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात होते. म्हटलं, शेवाळ आहे, क्लोरिन वाढवा. संध्याकाळी मी स्वतः दुप्पट क्लोरिन टाकलं. सकाळी बघते तर हौदात कोरा चहा. चार दिवसांनी पाणी निवळलं, पण भिंती तपकिरी झाल्या. मोठमोठे चट्टे, वरून खाली ओघळलेले. पायऱ्यांवर आणखी वेगळाच प्रकार, निळसर हिरवा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे अव्वांचे केस हिरवे झाले. कापसासारखा पांढरा अंबाडा, त्याला उन्हात धरलं की कच्च्या पेरूचा रंग. चाँदबी मावशी तर कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "क्या अव्वा, सरके बालां हरे हुए की!"

अव्वा हसल्या नाहीत. दादाही हसला नाही. तो फार भित्रा नव्हता, पण आईच्या बाबतीत होता. त्यानं सोलापूरहून हौदवाला माणूस बोलावला. तो काठावर उकिडवा बसला, भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात कुणी काही टाकलंय का?"

"क्लोरिन," मी म्हटलं. "तेवढंच."

चाँदबी मावशी झाडलेलीच जागा परत झाडायला लागल्या. अव्वा समोरच्या चिंचेकडं बघत होत्या.

"मग पाणी उपसा, ॲसिडनं धुवा, परत भरा," तो म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

उपसलेलं पाणी एकवेळ बागेला देता आलं असतं, पण परत भरायचं कशानं? भर उन्हाळा. बोअर पंधरा मिनिटं चालून हवा ओढत होता. दादानं तिथल्या तिथं निकाल दिला.

"अव्वा, या पाण्यात आता उतरायचं न्हाय. केस हिरवे झाले, उद्या कातडीला काय झालं तर? डाग ग्येले, पाणी चांगलं हाय आसं मला दिसलं, तर उतर. न्हाय तर मिरगाच्या आत मुरूम टाकून बुजवतो आन वर बेदाण्याचं शेड मारतो."

मग तो चाँदबी मावशींकडं वळला. "हौदाकडं तुझ्याशिवाय कुणी जात न्हाय. तूच कायतरी टाकलंस. उद्यापासनं हिकडं यायचं न्हाय, बागंतच थांब." मावशींनी पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या. मला तेव्हा वाटलं, टाकलंच असणार.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही मला वाईट वाटतं. अव्वा खुर्चीत बसून होत्या. आठ दिवसांत काठी जाऊन वॉकर परत आला. तिसऱ्या आठवड्यात त्यांना खुर्चीतून उठवायला दोघं लागायला लागली. पानांचं ताट समोर आलं तर त्या म्हणायच्या, "तुमचं तुमी बघा." अव्वा पान न बघता ताट परत पाठवतात, हे घरातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी भांडण उकरून बघितलं, पण त्या भांडेनात. तेव्हा मात्र मी घाबरले.

एका रविवारी दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. हिरवा रंग शिकेकाईनं गेला नव्हता, शांपूनं गेला नव्हता. मग एकदम मला कॉलेजातलं काहीतरी आठवलं. म्हटलं, "अव्वा, केस शेवाळानं हिरवे होत नाहीत. तांब्यानं होतात. पण हौदात तांबं कुठून येणार?"

त्यांचा खांदा माझ्या हाताखाली ताठ झाला.

"तांबं?"

"हो. पाण्यात विरघळलेलं."

त्यांनी माझ्या हातातून केस सोडवून घेतले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मोरचूद."

द्राक्षवाल्याच्या घरात मोरचूद म्हणजे मिठासारखं असतं. चुन्यात मिसळून वेलीवर मारतात, आणि शेततळ्यात शेवाळ झालं की फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यातून फिरवतात. अव्वांनी तीस वर्षं शेततळ्याला हेच केलं होतं. हौदात शेवाळ दिसताच त्यांनी चाँदबी मावशींना पुरचुंडी बांधायला लावली. एकदा फिरवून पाणी सुधारलं नाही म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आणि मोरचूद म्हणजे तांबं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"दादाला हाक मार," त्या म्हणाल्या. "आन चाँदबीला बागंतनं बलाव."

दोघं आली. अव्वांनी पाठ सरळ केली. "हौदात मोरचूद म्या टाकायला लावलं. हिनं न्हाय. हिला बोललास ते माघारी घे."

"अव्वा, तू?" दादाला खरंच वाटेना.

"व्हय, म्या. जलमभर दुसऱ्याला सांगितलं, आधी वळखा. आन सोता न बगता चार पुरचुंड्या टाकल्या. वर तोंड शिवून बसले. हिनं माझ्यापायी बोलणी खाल्ली." मग त्या मावशींकडं वळल्या. "चाँदबी, चुकले ग."

मावशींचे डोळे भरून आले, पण जीभ ताळ्यावर होती. "मेरेकू कुछ नै हुआ, अव्वा. पैले तुमारे बालां का देखो."

दादानं मावशींची माफी मागितली. आता माझीच पाळी होती. मी म्हटलं, "दादा, भिंतींचा तपकिरी रंग बहुतेक माझ्यामुळं आहे." दादा एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. "म्हंजी एकीनं हिरवा केला आन एकीनं तांबडा," तो म्हणाला, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्या घरात हसू फुटलं.

पण तपकिरी कशानं, हे अजून मला नीट कळलं नव्हतं. ते दादाच्याच तोंडून निघालं. नव्या बोअरचं पाणी सुरू झाल्यापासून ठिबकचा फिल्टर दर आठवड्याला तांबडा होऊन निघत होता. "लोखंड!" अव्वा आणि मी एकदम ओरडलो. बोअरच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, दिसत नाही. त्यावर मी दुप्पट क्लोरिन ओतलं, आणि ते गंजून भिंतींवर बसलं. माझ्या डिग्रीला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

अव्वांच्या डोळ्यांत चमक परत आली ती त्या क्षणी. "गंज लागलेल्या साडीला काय लावता ग?"

"लिंबू."

"तांब्याच्या घागरीला?"

"चिंच."

"म्हंजी दोन्हीला आंबट लागतंय. आता कंचं आंबट कुणाला, ते वळखायचं."

लिंबं काही हौदात पिळता येणार नव्हती. मी दुकानातून व्हिटॅमिन सीच्या पांढऱ्या गोळ्या आणल्या, वाण्याकडून लिंबूसत आणलं आणि ग्रामपंचायतीतून मूठभर ब्लिचिंग पावडर. दादाचे तीन जुने मोजे घेतले. एकात गोळ्यांचा चुरा, दुसऱ्यात लिंबूसत, तिसऱ्यात ब्लिचिंग. तिसरा मोजा मी लांब, वेगळ्या बादलीत ठेवला आणि बजावलं की आंबट आणि ब्लिचिंग एकत्र आलं तर असा वायू सुटेल की डागांची काळजी करायला कुणी उरणार नाही. अव्वांना हे फार आवडलं. त्या दिवसभर येईल त्याला तेच सांगत होत्या.

त्यांची खुर्ची काठावर ठेवली. मी काठावर पालथी पडून मोजा भिंतीला दाबायचा, चाँदबी मावशींनी साठपर्यंत मोजायचं आणि अव्वांनी बांबूनं जागा दाखवायची. प्रत्येक जागेच्या वर कठड्याला लाल रिबीन. बाग असो की हौद, रिबिनीशिवाय त्यांचं पान हलायचं नाही.

पहिला मोजा तपकिरी चट्ट्यावर दाबला. मावशींचे साठ झाले. मोजा उचलला आणि खाली तळहाताएवढा पांढराशुभ्र गिलावा दिसला. मी काही बोलायच्या आत अव्वांनी बांबू जमिनीवर आपटला. "लोखंड! वळखलं!" तोच मोजा पायरीवरच्या हिरव्या डागाला लावला, त्याच्यावर फारसा परिणाम झाला नाही. लिंबूसताचा लावला आणि हिरवं सुटलं. "तांबं!" बांबू परत आपटला. शेवटी ब्लिचिंगचा मोजा भिंतीला लावून बघितला, तर तपकिरी डाग जास्तच गडद झाला. अव्वांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी अव्वांच्या केसांवर व्हिटॅमिन सीचा लेप लावला. आधी एका बटेवर, अर्थातच. बट पांढरी झाली, मग सगळे केस.

पण तळहाताएवढी जागा वेगळी आणि सबंध हौद वेगळा. मी पाण्यातल्या धातूंबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पाण्यात क्लोरिन असेपर्यंत व्हिटॅमिन सी टाकून उपयोग नाही, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. दुसरी म्हणजे सुटलेलं लोखंड पाण्यातच राहतं. त्याला धरून ठेवणारं औषध घातलं नाही तर क्लोरिन परत सुरू करताच ते पुन्हा भिंतीवर बसतं. हे औषध अव्वांना कसं समजावावं, याची मी रात्रभर तयारी केली होती. सकाळी सांगायला लागले तर पहिल्याच वाक्याला त्यांनी मला थांबवलं.

"चिलेटेड म्हण की सरळ! येल पिवळा पडला की आमी चिलेटेड लोखंड देत न्हाय का? हे त्याच जातीचं."

आणि होतंही तसंच. माझी रात्रभराची तयारी वाया गेली, पण मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

क्लोरिन थांबवलं. ऊन क्लोरिन उडवून लावतं, म्हणून हौद दिवसभर उघडा ठेवला. रोज बाटलीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, अजून क्लोरिन आहे. पाच दिवस पिवळं होत राहिलं. सहाव्या दिवशी नाही झालं. तोवर पाण्याला कुबट वास यायला लागला होता आणि घरापुढं मुरमाचा एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. दादा म्हणाला, आधीच सांगून ठेवला होता, उतरवून घेऊ बाजूला. अव्वांनी तिकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "आजच टाकायचं."

किलोभर व्हिटॅमिन सी सोलापूरहून मागवलं होतं. माझ्या दुकानाचे मालक विचारत होते, गावात कसली साथ आलीय का. पंप चालू केला. मी आणि चाँदबी मावशी दोन बाजूंनी काठाकाठानं पावडर भुरभुरवत गेलो. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. दादा हाताची घडी घालून उभा होता. मग जिथून पंपाचं पाणी आत येतं, त्या कोपऱ्यातली भिंत फिकट दिसायला लागली. मला वाटलं, उन्हाचा भास. मावशी म्हणाल्या, "नै, नै, जारा है!" आणि खरंच तो तपकिरी रंग भिंत सोडून चालला होता. चट्ट्यांच्या कडा आत सरकत होत्या. अर्ध्या तासात पंचवीस फूट भिंत पांढरी झाली. दादाच्या हाताची घडी सुटली. तो काठावर बसला आणि बोट भिंतीवरून फिरवत राहिला.

पायऱ्या सोप्या नव्हत्या. पंप बंद करून लिंबूसताचा मोजा वीत वीत जागेवर दाबत मी आणि मावशींनी दोन दिवस काढले. मग ते धरून ठेवणारं औषध घातलं. सोडा टाकून पाण्याचा आंबटपणा उतरवला. क्लोरिन मात्र चमच्या-चमच्यानं वाढवायचं होतं. तिथं घाई केली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पिवळसर झाक दिसली आणि मी अव्वांकडं धावले. अव्वांनी खुर्चीतूनच फर्मावलं, "क्लोरिन थांबव, चिलेटेड वाढव, दोन दिस बग." झाक गेली. पुढच्या भरीच्या पाण्यासाठी दादानं आपणहून सोय केली. बोअरचं पाणी आधी टाकीत उंचावरून फवारून सोडायचं, रात्रभर गंज खाली बसू द्यायचा, आणि वरचं ठिबकच्या फिल्टरमधून हौदात घ्यायचं. अव्वांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बागंला पण बरं पडंल."

आता मी लातूरला असते. स्वतःचं दुकान आहे. अव्वांचा फोन येतो, आणि नमस्कार-चमत्कार न करता पहिलंच वाक्य असतं, "जीभ कशी हाय?" एकदा माझ्या दुकानात एक बाई सांगत होती की तिच्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलंय, कुठलंतरी मलम द्या. माझा हात मलमाकडं गेला आणि मागं आला. मी तिला म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवा. या सवयीनं माझी काही गिऱ्हाइकं तुटली. मला त्याचं काही वाटत नाही.

पण हौदाच्या निकालाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दादानं अट घातली होती, क्लोरिन नीट झाल्यावर आठ दिवस एकही डाग दिसता कामा नये. आठ दिवस तो रोज सकाळी स्वतः काठानं फिरून भिंती बघत होता. मुरमाचा ढीग तसाच घरापुढं पडला होता. नवव्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर दादा हौदाच्या दुसऱ्या पायरीवर उभा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं, हातावर चोळलं. मग वर बघून हाक मारली, "अव्वाला आणा."

बातमी कुणी पसरवली कोण जाणे, पण शेजारपाजारच्या दहा-बारा बाया कुंपणापाशी जमल्या होत्या. यातल्याच काहींनी टँकर आणि हौदाचं बोलणं केलं होतं. मी, दादा आणि चाँदबी मावशींनी अव्वांना उचलल्यासारखंच पायऱ्यांवरून खाली नेलं. चाळीस दिवसांत पाय काठीसारखे ताठले होते. पाणी कमरेच्या वर आलं. या वेळी त्यांनी हात झटकले नाहीत. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. मला वाटलं, संपलं, उशीर झाला.

मग एकेक बोट सुटलं.

त्यांनी एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. दुसरं टाकलं. पाचव्या-सहाव्या पावलाला खांदे सैल झाले, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीला त्यांचा हात लागला तेव्हा चाँदबी मावशींनी अशी आरोळी ठोकली की चिंचेवरचे पक्षी उडाले. बायांनी टाळ्या पिटल्या. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

अव्वा वळल्या, परत आल्या, परत गेल्या. फेऱ्या वाढत गेल्या. पंधरा झाल्या, वीस झाल्या. बाया आपापल्या कामाला गेल्या तरी पाण्याचा आवाज थांबेना. त्यांचा श्वास फुलला होता, तोंड लाल झालं होतं. दादा पायरीवरच बसून होता. त्याला राहवेना.

"अव्वा, बास आता. दमलीस."

अव्वा भिंतीशी थांबल्या. तोंडावरून ओला हात फिरवला आणि मुलाकडं बघून हसल्या.

"चाळीस दिस बसून दमले रं," त्या म्हणाल्या. "आज चालून दमू दे." आणि भिंत सोडून परत फिरल्या.